दारावरची झडती

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आमच्याकडे जिला बासी ईद म्हणतात त्या दिवशी, आम्ही सगळे कुटुंब मिळून एका करमणूक उद्यानात गेलो होतो. रात्री सोलापूरहून गाडी निघाली. आम्ही नऊ माणसे होतो. त्यांत चार मुले, एक तान्हे बाळ आणि सत्तरी ओलांडलेल्या आमच्या फुफीअम्मा. मुलांनी वर्षभर या दिवसाचा ध्यास घेतला होता. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, अंधारातली रेल्वे यांची नावे त्यांना पाठ होती. पण आत जाण्याआधी एक दार असते आणि त्या दारात एक टेबल, एक धातुशोधक कमान आणि हातात काळी दांडी घेतलेली दोन-तीन माणसे असतात, याचा विचार त्यांनी केला नव्हता. आम्हीही फारसा केला नव्हता.

रांग पुढे सरकली. पिशव्या टेबलावर उघड्या झाल्या. पुरुष एका बाजूला, बायका पडद्याआड. सगळे पार पडले असे वाटत असतानाच फुफीअम्मा कमानीतून गेल्या आणि कमान किंचाळली. त्यांना बाजूला घेतले. पुन्हा दांडी फिरली, पुन्हा आवाज. मग आमच्या सगळ्यांच्याच पिशव्या परत टेबलावर आल्या. मागच्या रांगेतील माणसे पाहू लागली. फुफीअम्मांचा बुरखा, आमच्यातल्या दोघांच्या दाढ्या, मुलांच्या डोक्यावरच्या ईदच्या नव्या टोप्या. आम्हाला एकदम आमचाच चेहरा बाहेरून दिसू लागला. सात वर्षांच्या मुलाने विचारले, "त्यांना एकदाच बघितलं, आपल्याला दोनदा का?"

या प्रश्नाला त्या क्षणी आम्ही उत्तर दिले नाही. ते उत्तर शोधण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

मराठीत या क्रियेला झडती म्हणतात, उर्दूत तलाशी. पंचनाम्याच्या भाषेत घरझडती आणि अंगझडती असे दोन शब्द येतात. घराची झडती एक वेळ सोसता येते, कारण घर आपल्यापासून थोडे वेगळे असते. अंगाची झडती वेगळी. तिच्यात दुसऱ्याचा हात आपल्या अंगापर्यंत येतो, आणि तो हात न बोलता सांगतो की तुझ्या शब्दावर माझा भरवसा नाही. माणसाची इज्जत बऱ्याच अंशी त्याच्या शब्दावर इतरांचा भरवसा असण्यात असते. म्हणून झडती कितीही सौम्य असली तरी ती इज्जतीला स्पर्श करतेच. प्रश्न एवढाच की हा स्पर्श केव्हा न्याय्य असतो आणि केव्हा नाही.

झडती मुळातच अन्याय आहे असे आम्ही म्हणणार नाही. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ रोजी जे घडले ते आम्ही विसरलेलो नाही. १६६ माणसे गेली. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाडीची वाट पाहत बसलेल्या गरीब प्रवाशांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्या मृतांत मुसलमानही होते. मारल्या गेलेल्या हल्लेखोरांना दफनासाठी जागा देण्यास मुंबईच्या बड्या कब्रस्तानाची व्यवस्था पाहणाऱ्या जामा मशीद ट्रस्टने नकार दिला. त्या नकारामागची वेदना आम्हाला ठाऊक आहे. त्यानंतर या महानगरात हॉटेल, मॉल, सिनेमागृह, सगळीकडे कमानी उभ्या राहिल्या. मुलांना घेऊन हजारो माणसे जिथे एकत्र येतात अशा जागेच्या दारात कुणीतरी डोळे उघडे ठेवून उभे असावे, ही अपेक्षा आमचीही आहे. आमचीही मुले आतच असतात. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला पैगंबरांनी आधी उंट बांधायला सांगितले, अशी हदीस आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दारावरची कमान हे उंट बांधणेच आहे.

पण उंट बांधणे वेगळे आणि शेजाऱ्याला चोर समजणे वेगळे. कुराणातील सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत फाजील संशयापासून दूर राहण्याची आणि दुसऱ्याच्या खासगी गोष्टी हुडकत न बसण्याची ताकीद आहे. हजरत उमर यांची एक कथा सांगितली जाते. रात्री गस्त घालत असताना एका घरातून संशयास्पद आवाज आला म्हणून खलिफा भिंत चढून आत उतरले आणि आतल्या माणसाला गुन्हा करताना पकडले. तो म्हणाला, माझ्या हातून एक चूक झाली, पण आपल्या हातून तीन झाल्या. आपण हेरगिरी केलीत, दार सोडून भिंतीवरून आलात आणि परवानगी न घेता आलात. खलिफांनी त्याला सोडून दिले. गुन्हा खरा असतानाही तो शोधण्याची रीत चुकीची असू शकते, हे या कथेचे मर्म आहे. सुरक्षा हे उद्दिष्ट योग्य आहे एवढ्याने प्रत्येक झडती योग्य ठरत नाही.

कमान काम कशी करते ते आधी पाहू. तिच्या खांबांत तारांची वेटोळी असतात. त्यांतून बदलती वीज वाहते आणि कमानीत चुंबकीय क्षेत्र तयार होते. धातू त्या क्षेत्रातून गेला की त्यात क्षीण प्रवाह निर्माण होतो आणि कमानीला त्याची चाहूल लागते. एवढेच. ती सुरी ओळखत नाही, किल्ली ओळखत नाही, नाव तर अजिबात ओळखत नाही. तिची संवेदनक्षमता वाढवली की पट्ट्याचे बक्कलही वाजते, कमी केली की खरे हत्यारही सुटू शकते. समजा एका उद्यानात रोज पाच हजार माणसे येतात आणि ते वर्षातून तीनशे दिवस उघडे असते. वर्षाला पंधरा लाख माणसे झाली. त्यांपैकी शंभरात दोघांवर कमान उगाचच वाजली तरी तीस हजार निरपराध माणसे बाजूला घेतली जातील. त्या तीस हजारांत खरोखर घातपाताच्या इराद्याने आलेला एखादा असेल, बहुधा एकही नसेल. म्हणजे कमान ज्याच्यावर वाजते तो जवळजवळ नेहमीच निर्दोष असतो. त्याला वागणूकही निर्दोष माणसाची मिळायला हवी. हा उपकार नाही, साधा हिशेब आहे.

इथपर्यंत कमानीशी आमचे भांडण नाही. उलट तिच्यात एक प्रकारची समता आहे. नमाजाच्या सफेत जसे मालक आणि मजूर खांद्याला खांदा लावून उभे राहतात, तसे कमानीपुढे सगळे सारखे. अडचण कमानीनंतर सुरू होते. ‘आणखी कुणाला तपासायचे’ हे जिथे माणूस ठरवतो, तिथे त्याच्या मनातले सगळे भय आणि सगळी ऐकीव माहिती त्या निर्णयात उतरते.

अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांचे उदाहरण घेण्यासारखे आहे, कारण करमणुकीच्या दारावरील झडतीचा बराचसा इतिहास तिथेच घडला. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १९५५ साली सुरू झाले. सप्टेंबर २००१ नंतर तिथे पिशव्या तपासल्या जाऊ लागल्या. डिसेंबर २०१५ मध्ये, कॅलिफोर्नियातच सॅन बर्नार्डिनो येथे एका दांपत्याने चौदा माणसांना ठार केल्यानंतर पंधरवड्याने, डिस्ने, युनिव्हर्सल आणि सीवर्ल्ड यांच्या दारांत धातुशोधक कमानी आल्या. डिस्नेने आपल्या उद्यानांत खेळण्यातल्या बंदुका विकणे थांबवले आणि चौदा वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या पाहुण्यांना सोंगाचे पोशाख घालून येण्यास मनाई केली. सॅन बर्नार्डिनोचे ते दांपत्य मुसलमान होते. हे सांगताना आम्हाला त्रास होतो, पण लपवून उपयोग नाही. त्या चौदा घरांपुढे आमचा त्रास फार छोटा आहे.

सुरुवातीला डिस्नेत पिशव्या सगळ्यांच्या उघडत, पण कमानीतून काहींनाच निवडून पाठवत. निवड सहज, कुठलाही निकष न लावता होते, असे सांगितले जाई. तसे होतही असेल. पण निवडला गेलेला माणूस हे कशावरून ओळखणार? गोऱ्या माणसाला निवडले तर तो म्हणेल, आज माझी पाळी आली. अहमद किंवा फातिमाला निवडले तर पाळी आली की नाव आले, हे त्यांना कळायला मार्ग नाही. एकच कृती, तितकीच सौम्य, तितकीच नम्र, पण एकाला ती योगायोग वाटते आणि दुसऱ्याला निवाडा. म्हणून अशा निवडीपेक्षा सगळ्यांना एकाच कमानीतून नेणे आम्हाला अधिक न्यायाचे वाटते. त्यात वेळ जास्त जातो, पण कुणाच्या मनात काटा राहत नाही.

त्याच डिसेंबर महिन्यात, १५ तारखेला, लंडनच्या गॅटविक विमानतळावर एका ब्रिटिश मुसलमान कुटुंबाला विमानात चढू दिले गेले नाही. ती अकरा माणसे होती, त्यांत बहुतेक मुलेच. कॅलिफोर्नियातील नातेवाइकांना भेटून ते डिस्नेलँड पाहणार होते. प्रवासाची परवानगी त्यांना आधी मिळालेली होती. ती ऐनवेळी रद्द झाली. त्यांच्या खासदाराने हा प्रश्न ब्रिटनच्या पंतप्रधानांपुढे मांडला. धर्म हा आमचा निकष नसतो, असे अमेरिकन खात्याचे म्हणणे होते. आम्ही त्या खात्याच्या मनात शिरू शकत नाही. पण दारात थांबवलेल्या मुलांना कारण सांगितले गेले नाही, ही गोष्ट आम्हाला निर्णयापेक्षाही जड वाटते. कमानीत तरी आवाज का झाला ते शोधता येते. खिशातली किल्ली काढून ठेवली की कमान गप्प होते. नाव कुठे काढून ठेवायचे? शाहरुख खानसारख्या जगप्रसिद्ध कलावंतालाही २००९, २०१२ आणि २०१६ अशा तीन वेळा अमेरिकेच्या विमानतळांवर थांबवले गेले. तिन्ही वेळा तो सुटला, पण एकदा सुटल्याने पुढची वेळ सुटली नाही. नावावरचा संशय कधी फिटत नाही, तो पुढच्या दारात आपल्या आधी जाऊन उभा असतो.

आणि असा संशय उपयोगाचा तरी असतो का? २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यातील जिवंत पकडलेल्या हल्लेखोराचे छायाचित्र जगाने पाहिले आहे. त्याच्या मनगटावर लाल धागा दिसतो. ज्याला घात करायचा असतो तो दाढी काढतो, कपडे बदलतो, धागा बांधतो. बुरखा घालून, टोपी घालून, आपली ओळख उघड मिरवत जो दारात येतो तो करमणुकीलाच आलेला असतो. वेशावरून माणूस निवडणारा पहारेकरी प्रामाणिक माणसालाच निवडतो आणि कावेबाजाला वाट मोकळी करून देतो. यंत्रावरही आंधळा भरवसा नको. खिसे रिकामे न करता माणसे तपासणारी नवी यंत्रे आता आली आहेत. अशा यंत्रांच्या एका अमेरिकन कंपनीने यंत्राच्या अचूकपणाविषयी दिशाभूल केल्याचा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नोव्हेंबर २०२४ मध्ये केला. म्हणजे यंत्र असो की माणूस, ‘मला संशयित कळतो’ असा ठाम दावा कुणी करू लागला की सावध व्हावे.

आता पुन्हा आमच्या टेबलाकडे. आमच्या पिशव्यांतून काय निघाले? बाळाचे दूध, फुफीअम्मांची औषधे, कडक भाकरी, शेंगाची चटणी, स्टीलच्या डब्यात खिम्याचे समोसे. दूध आणि औषधे आत गेली. भाकरी आणि समोसे बाहेर ठेवावे लागले, कारण बाहेरचे खाणे आत चालत नाही. इथे आम्हाला एक गोष्ट खटकली आणि ती आजही खटकते. एकाच टेबलावर, एकाच गणवेशातील माणूस दोन प्रश्न विचारत असतो. तुमच्याजवळ घातक काही आहे का, हा एक. आत आम्ही जे विकतो ते तुम्ही घरून आणले आहे का, हा दुसरा. पहिला प्रश्न सर्वांच्या जिवाचा आहे, दुसरा मालकाच्या गल्ल्याचा. जागेच्या मालकाला असा नियम करता येतो. सिनेमागृहांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तसा निर्णय दिला आहे. कायद्याशी आमचा वाद नाही. पण भाकरी शोधण्यासाठी सुरक्षेचा गणवेश वापरला की सुरक्षेचे पावित्र्य कमी होते. आणि हलाल-हरामचा विचार करून घरून डबा नेणाऱ्याला तो डबा फक्त काटकसरीचा नसतो. तो बाजूला ठेवला जातो तेव्हा त्याला वाटते, आपले जेवणही संशयित झाले.

संमतीचाही प्रश्न आहे. दारावरचा रखवालदार पोलीस नसतो. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा कायदा आहे, पण त्याने रखवालदाराला पोलिसांचे अधिकार मिळत नाहीत. आपण तपासू देतो म्हणून तो तपासतो. नको म्हणालो तर तो फार तर आत सोडणार नाही. कागदावर हे ठीक आहे. पण तिकिटे काढून झालेली, रात्रभर प्रवास झालेला, मुले हात ओढत असलेली, अशा वेळी ‘नको’ म्हणण्याचे स्वातंत्र्य कितीसे उरते? जी संमती अशी अर्धीमुर्धी असते, ती घेणाऱ्याची जबाबदारी दुप्पट होते. अटक झालेल्या स्त्रीची झडतीसुद्धा स्त्रीनेच, मर्यादा राखून घ्यावी, असे आपला फौजदारी कायदा सांगतो. मग जिच्यावर कसलाच आरोप नाही, जी नातवंडांबरोबर पाळणे पाहायला आली आहे, तिच्या बाबतीत किती अदब हवी?

या सगळ्याचा विचार करता आम्हाला तीन कसोट्या सुचतात. झडती सर्वांची सारखी व्हावी, आणि कुणाची अधिक झाली तर तिचे कारण वस्तूत असावे, वेशात किंवा नावात नसावे. झडतीने धोक्यापुरताच प्रश्न विचारावा, त्याच्या आडून दुसरे काही शोधू नये. आणि झडती संपली की संशयही तिथेच संपावा. तपासून आत सोडलेल्या माणसाकडे पुन्हा वळून पाहू नये. या तीन कसोट्यांना उतरणारी झडती आम्ही हसतमुखाने देऊ. तिच्यात इज्जत जात नाही, कारण ती आपण सगळे एकमेकांना देत असतो.

पण हे सारे तोलून झाल्यावर एक कसोटी आमच्यासाठीही उरते.

फुफीअम्मांच्या कमरेच्या चंचीत अडकित्ता होता. सुपारी कातरायचा, पितळी मुठीचा, त्यांच्या लग्नातला. कमान त्याच्यावर वाजली होती. आमच्या सगळ्या पिशव्या पुन्हा पाहिल्या गेल्या त्या अशीच धारेची वस्तू आणखी आहे का, हे पाहण्यासाठी. गणवेशातल्या बाईंनी तो अडकित्ता हातात घेतला, उघडून पाहिला आणि म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंकडे असाच आहे. पण आत नाही सोडता येणार हो आजी." त्यांनी त्याला चिठ्ठी बांधली, पितळी बिल्ला फुफीअम्मांच्या हातात दिला, आणि एवढ्या वेळ फुफीअम्मा उभ्या नव्हत्याच हे तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले. त्या बाईंनी आपले स्टूल त्यांना दिले होते आणि स्वतः उभ्या होत्या.

आम्ही मात्र तेवढ्या वेळात मनातल्या मनात त्या बाईंवर खटला चालवून निकालही दिला होता. त्यांच्या छातीवरच्या पट्टीवरील आडनाव आम्ही वाचले होते आणि त्या आडनावावरून त्यांचे मन ठरवून टाकले होते. म्हणजे जो अन्याय आपल्यावर होतो आहे असे वाटत होते, तोच आम्ही त्यांच्यावर केला. हुजुरातमधली ताकीद फक्त पहारेकऱ्यासाठी नाही, ज्याची झडती होते त्याच्यासाठीही आहे. ज्यांना वारंवार डागले गेले आहे त्यांचा हात ताकालाही बिचकतो, हे खरे. २००६ च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यात मुसलमान तरुण वर्षानुवर्षे आरोपी म्हणून जगले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. अशा घटना मनात घर करून बसतात. आमची शंका हवेतून आलेली नव्हती. तरीही त्या बाईंच्या बाबतीत ती खोटी होती, आणि खोटी शंका खोटीच असते, मग तिच्यामागचा इतिहास कितीही खरा असो.

संध्याकाळी परतताना आम्ही बिल्ला दाखवून अडकित्ता घेतला. त्याच वेळी बाजूच्या छोट्या दारातून पाळी संपलेले कामगार बाहेर पडत होते. त्यांच्याही पिशव्या उघडल्या जात होत्या, त्यांचीही अंगझडती होत होती. सकाळच्या त्या बाई त्या रांगेत होत्या. दिवसभर शेकडो माणसांची तपासणी करून त्या आता स्वतः हात वर करून उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला पाहिले आणि थोड्या ओशाळून हसल्या. फुफीअम्मा त्यांच्याजवळ गेल्या, बाहेर ठेवलेल्या डब्यातून भाकरी आणि चटणी काढून कागदात बांधली आणि त्यांच्या हातात दिली. समोसे दिले नाहीत. "खिमा आहे," त्या आम्हाला हळूच म्हणाल्या, "तिला चालतो की नाही, काय ठाऊक."

गाडीत बसल्यावर आम्ही मुलाला सांगितले की दोनदा तपासले ते दादीच्या अडकित्त्यामुळे. त्याचे समाधान झाले आणि तो झोपला. त्या दिवसापुरते ते उत्तर खरे होते. पुढे एखाद्या दारात ते खरे नसेल, हे आम्हाला माहीत आहे, आणि तेव्हा त्याला खोटे सांगायचे नाही, हेही आम्ही ठरवले आहे. पण प्रत्येक दारात आधीपासूनच ते खोटे आहे असे समजून त्याने जाऊ नये, एवढी शिकवण मात्र त्याला आतापासून द्यायला हवी.